लघवीतलं एन्झाइम वाढलं, क्रिएटिनिन मात्र नॉर्मल: आता खरं कोणाचं मानायचं?

पत्र

*माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ५८ वर्षांचे आहेत. तंबाखूमुळे गालाच्या आतून कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे आणि दर मंगळवारी सिस्प्लॅटिनची केमो. तीन डोस झाले. केमोच्या आधी क्रिएटिनिन ०.८ होतं, आता १.० आहे. रिपोर्टवर मर्यादा ०.७ ते १.३ लिहिली आहे, म्हणजे नॉर्मलच. पण रक्त न्यायला येणारा लॅबचा मुलगा म्हणाला, ‘सिस्प्लॅटिन किडनी खातं, क्रिएटिनिनवर फार उशिरा कळतं, लघवीतल्या एन्झाइमची टेस्ट करून घ्या.’ केमोनंतर दोन दिवसांनी नमुना दिला. त्यात एनएजी नावाचं एन्झाइम मर्यादेच्या साडेतीन पट आलं, पुढे लाल बाण. तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. काका म्हणतात केमो बंद करा. आत्याने किडनीचा काढा आणलाय. अण्णांचं वजन ६४ वरून ५८ वर आलंय, तोंड सोलून निघालंय, दुखणं थांबवायला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देतो. मागच्या आठवड्यात नाकातून नळी घातली. डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवायला भीती वाटते, परवानगीशिवाय केला म्हणून. येत्या मंगळवारी डोस घ्यायचा की नाही?*

*— एक मुलगी, सातारा जिल्हा*

उत्तर

ताई, तुमचा मंगळवार तोंडावर होता म्हणून दोन ओळींचं उत्तर मेलवर आधीच पाठवलं: डायक्लोफेनॅक आजपासून बंद, काढा बंद, आणि सोमवारीच केमोच्या डे-केअरला फोन करून दोन्ही रिपोर्ट सांगा. ते का, हे इथे सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं आता वरचेवर यायला लागली आहेत.

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, एवढंच: रक्तातलं क्रिएटिनिन किडनी किती गाळते ते सांगतं, लघवीतलं एनएजी किडनीच्या पेशींना त्रास झालाय का ते.

एका किडनीत सुमारे दहा लाख छोटी गाळण-यंत्रं असतात. त्यांच्या तोंडाशी चाळण, आणि चाळणीमागे लांबलचक नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे उरलेलं सगळं, मीठ, साखर, मॅग्नेशियम यांच्यासकट, त्या नळीच्या पेशी परत आत ओढून घेतात. किडनीतलं खरं कष्टाचं काम चाळणीचं नाही, नळीचं आहे. आणि सिस्प्लॅटिनचा मार बसतो तो नळीवर. या पेशींच्या भिंतीत एक दार असतं, त्यातून औषध आत खेचलं जातं आणि साठत राहतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या पाचेकपट या पेशींत गोळा होतं. केमो कॅन्सरला मारायला दिलेली असते, पण वाटेत या पेशींना फुकटचा प्रसाद मिळतो.

आता एनएजी. पूर्ण नाव एन-असिटिल-बीटा-डी-ग्लुकोसॅमिनिडेझ. ते लक्षात ठेवायची काही गरज नाही. नळीच्या पेशींच्या पोटात लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात, कचरा पचवणाऱ्या. त्यांच्यातलं हे एन्झाइम. त्याचा रेणू इतका मोठा असतो की रक्तातलं एनएजी शाबूत चाळणीतून खाली येऊच शकत नाही. म्हणून लघवीत ते जास्त दिसलं, तर ते नळीच्या पेशींतूनच सांडलेलं असणार. वाड्यातलं घंगाळ रस्त्यात पडलेलं दिसलं, तर ते वाड्यातूनच बाहेर आलंय हे सांगायला पंच लागत नाही. पण वाडा कोसळलाय, की कोणी घंगाळ घासायला बाहेर आणून ठेवलंय, हे नुसतं घंगाळ बघून कळत नाही. आणि या टेस्टची सगळी अडचण तिथेच आहे.

पेशी मरते तेव्हा एनएजी सांडतं. पण नुसती दमली, त्रासली, जास्त काम करायला लागली, तरीही सांडतं. जेंटामायसिन, अमिकासिनसारख्या इंजेक्शनांवर असलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णात लघवीतली अशी एन्झाइमं चढतात; त्यातल्या बहुतेकांची किडनी पुढे काहीही न होता सुटते. डायबेटिसमध्ये चढतं, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये चढतं, सीटी स्कॅनच्या डायनंतर चढतं. सिस्प्लॅटिननंतर पहिल्या काही दिवसांत तर चढायचंच. तुम्ही नमुना दिलात तो नेमका दोन दिवसांनी. तेव्हा नाही चढणार तर कधी? गिरणीचा भोंगा तासातासाला वाजायला लागला, तर कामगार पाळी सुटली म्हणून उठत नाहीत, तसं डॉक्टर या एका आकड्यावर उठून केमो बंद करत नाहीत. ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतायत असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी लॅबवाल्या मुलाने सांगितली नसणार. लघवी कधी पातळ, कधी घट्ट असते, म्हणून एनएजीचा आकडा लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे देतात. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा कचरा, किडनी तो रक्तातून गाळून लघवीत टाकते. अण्णांचे सहा किलो गेलेत, त्यात स्नायूही गेलेच. मग भाजक लहान झाला, आणि एनएजी जागच्या जागी असलं तरी भागाकार मोठा दिसणार. त्या साडेतीन पटीत थोडा वाटा याचाही आहे. शिवाय केमोच्या आधीचा नमुनाच नाही. अण्णांचं स्वतःचं मूळ एनएजी किती होतं हे माहीत नसताना, मर्यादेच्या किती पट हा हिशोब लंगडाच राहतो.

अशा टेस्ट निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि बायकांची हाडं पिचायला लागली. लोक त्या आजाराला ‘इताई-इताई’ म्हणायचे, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला, आणि पुढे गावंच्या गावं तपासताना लघवीतला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हा छोटा प्रथिनाचा रेणू कामी आला. तो एन्झाइम नाही, पण खूण त्याच नळीची. शिशाच्या बॅटऱ्या फोडणाऱ्या, कॅडमियम वितळवणाऱ्या कामगारांचा गट घेतला, दर सहा महिन्यांनी एकाच पद्धतीने मोजलं, तर एनएजी फार आधी सांगतं की या शेडमधली हवा बिघडली आहे. नवीन औषधांच्या चाचण्यांतही तसंच: २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने लघवीतल्या सहा खुणांचा एक संच मान्य केला, त्यात एनएजी आहे, किम-१ आहे, एनगॅल आहे. पण कशासाठी? निरोगी स्वयंसेवकांवर नवं औषध पहिल्यांदा तपासताना, दोन गटांची तुलना करायला. घरी येऊन एका अण्णांचा नमुना नेऊन त्यावर लाल बाण मारायला नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॅनेल’ म्हणून जे विकलं जातं त्यात हा फरक कोणी सांगत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, माझ्याच हातची चूक. नवीन असताना बायोकेमिस्ट्रीत होतो. तालुक्यावरून एसटीने नमुने यायचे. एका पेंटरचा नमुना, शिशाचा संशय म्हणून. मे महिना, बाटली दिवसभर बसच्या टपावर. एनएजी जवळपास शून्य आलं आणि मी खुशाल ‘नॉर्मल’ लिहून सही केली. वरिष्ठांनी बाटलीचं बूच उघडून माझ्या नाकाखाली धरलं. अमोनियाचा भपकारा. लघवी शिळी झाली की जंतू युरिया फोडतात, लघवी अल्कधर्मी होते आणि एन्झाइम मरतं. मशीनने मोजलं ते बरोबरच होतं, फक्त मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून एन्झाइमच्या रिपोर्टवर भरवसा ठेवण्याआधी मी विचारतो, नमुना कधी घेतला, कुठे ठेवला, थंड होता का. तुम्हाला पुढे कधी ही टेस्ट करावीच लागली, तर डोसच्या आधी, सकाळची दुसरी लघवी, दर वेळी त्याच वेळेला. फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, काही एन्झाइमं गोठवल्यावर टिकत नाहीत.

आता क्रिएटिनिन, आणि मला खरी काळजी वाटते ती इथे.

तुम्ही लिहिलंत, ०.८ होतं, १.० झालं, नॉर्मलच. लॅबची ०.७ ते १.३ ही मर्यादा सगळ्यांसाठी आहे, पण अण्णा म्हणजे सगळे नव्हेत. एक कागद घ्या. १४० मधून वय वजा करा: ८२. त्याला वजनाने गुणा. मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. पुरुषांसाठी हा जुना, सोपा हिशोब आहे, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त स्वच्छ करते त्याचा अंदाज देतो. केमोच्या आधी: ८२ गुणिले ६४, भागिले ५७.६, उत्तर ९१. आज: ८२ गुणिले ५८, भागिले ७२, उत्तर ६६. दोन्ही रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलंय आणि मधल्या मध्ये पाव हिस्सा गेला. क्रिएटिनिन अजून फक्त ०.१ ने वाढलं तर आकडा ६० वर येईल, आणि ६० च्या खाली गेलं की बहुतेक ठिकाणी सिस्प्लॅटिनचा फेरविचार सुरू होतो.

हा हिशोब ढोबळ आहे, आणि इतक्या वाढीला डॉक्टर अजून ‘किडनीला इजा’ म्हणणार नाहीत. त्यासाठी ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा आठवड्यात दीडपट लागते. पण स्नायू झिजत असताना क्रिएटिनिन आपोआप खाली यायला हवं होतं. ते वर गेलंय. वजन उतरतंय आणि क्रिएटिनिन चढतंय, ही जोडी बघितली की मी रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ शब्द खोडतो. काही जण तुम्हाला सिस्टॅटिन-सी करायला सांगतील, कारण ते स्नायूंवर अवलंबून नसतं. चांगली टेस्ट आहे, पण उलटी थांबवायला केमोच्या दिवशी डेक्सामेथासोन देतात, आणि स्टेरॉइडने सिस्टॅटिन वर जातं. हेही डोसच्या आदल्या दिवशी केलेलं बरं.

मग मंगळवारी डोस घ्यायचा का? हे ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, ना माझं ना काकांचं. पण त्यांच्यासमोर कोणते मार्ग आहेत ते तुम्हाला माहीत असू दे. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिनचा एकूण डोस शरीराच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोचावा असं बघतात. दर आठवड्याला ४० देत असतील तर तीन डोसांत १२० झाले. म्हणून त्यांना मध्येच हात सोडायचा नसतो. ते एक आठवडा थांबू शकतात, सलाईन वाढवून देऊ शकतात, डोस कमी करू शकतात. आणि अगदीच किडनी साथ देईना तर सिस्प्लॅटिन सोडूनही पुढे जाता येतं: ज्यांना सिस्प्लॅटिन चालत नाही अशा रुग्णांना रेडिएशनबरोबर दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल देण्याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच झाला आणि त्यात फायदा दिसला. तेव्हा ‘केमो बंद म्हणजे सगळं संपलं’ असंही नाही, आणि ‘किडनी वाचवायला केमो आपणच बंद करा’ असंही नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारानंतर तोंडाचा कॅन्सर परत आला तर तो कोणाचं ऐकत नाही.

रिपोर्ट दाखवायला घाबरू नका. रागावतील कदाचित, एक मिनिट. पण डायक्लोफेनॅकबद्दल लपवलंत तर मात्र ते रागावायला हवेत. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच वाटली, लाल बाणाची नाही. सिस्प्लॅटिन नळीला मारतं आणि डायक्लोफेनॅक किडनीकडे येणारा रक्तपुरवठा आखडून टाकतं. त्यात अंगात पाणी कमी. तिन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते मी आयसीयूत पाहिलंय. आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नावं काहीही असोत, सगळी एकाच माळेचे मणी. तोंडाच्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, लागलंच तर मॉर्फिन देतात. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, डॉक्टर मात्रा बघून देतात. बीपीची गोळी चालू असेल, विशेषतः टेल्मिसार्टनसारखी, तर उलट्या-जुलाब असताना ती घ्यायची की थांबवायची हेही विचारा.

आत्याबाईंचा काढा आत्ता नको. तो वाईटच आहे असं मी म्हणत नाही. त्यात काय आहे हेच आपल्याला माहीत नाही, आणि काही भस्मांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे, म्हणजे तीच नळी पुन्हा मार खाणार. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये भेसळ झालेल्या डायएथिलीन ग्लायकॉलने चौदा रुग्ण गेले. ते विषही किडनीच्या याच भागावर घाव घालतं. माहिती नसलेली बाटली पोटात घालण्याबद्दल माझ्या पिढीतल्या डॉक्टरांचा हट्ट तिथून आलाय.

आता पाण्याकडे या. सिस्प्लॅटिनचा शोध १९६५ चा, बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम बघत होते आणि प्लॅटिनमच्या तारांमुळे जंतूंची वाढ थांबली. औषध जबरदस्त निघालं, पण किडनी इतकी खायचं की ते बाजूला पडायची वेळ आली होती. सत्तरच्या दशकात आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर, भरपूर सलाईन आणि मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) देऊन बघितलं, आणि किडन्या टिकल्या. अमेरिकेत १९७८ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे या औषधाला कॅन्सरच्या वॉर्डात जागा मिळाली ती सलाईनमुळे. डे-केअरमध्ये तुम्हाला चार-सहा तास बसवून ठेवतात ते त्यासाठी. घरी आल्यावरचं पाणी मात्र तुमच्या हातात आहे.

नाकातली नळी आहे ही उलट सोय समजा. गिळताना दुखतं म्हणून पाणी कमी पडायचं कारण संपलं. हृदयाचा त्रास नसेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर दिवसभरात अडीच-तीन लिटर, दर दोन तासांनी थोडं थोडं नळीवाटे. नुसतं पाणीच नको, ओआरएस, ताक, पेज, पातळ वरण गाळून. लघवी मोजायला मिनरल वॉटरची रिकामी एक लिटरची बाटली घ्या, बाहेरून चिकटपट्टी लावून दर शंभर मिलिलिटरला पेनाने रेघ मारा. चोवीस तासांत दीड लिटरच्या आसपास लघवी झाली तर ठीक. अर्ध्या लिटरच्या खाली गेली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी वजन, आणि ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या-त्या तारखेखाली लिहा. केमोनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उशिरा येणाऱ्या उलट्या लोक ‘केमो म्हटल्यावर होणारच’ म्हणून सोडून देतात. त्या सोडू नका, त्याच पाणी पळवतात. कानात शिट्टीसारखा आवाज येतोय का, टीव्हीचा आवाज वाढवायला लागलेत का, तेही सांगा. हे औषध कानावरही जातं.

आणि मॅग्नेशियम. सिस्प्लॅटिनने नळी बिघडली की मॅग्नेशियम परत ओढून घेता येत नाही, ते लघवीतून वाहून जातं, आणि मॅग्नेशियम कमी झालं की सिस्प्लॅटिनचा मार आणखी लागतो. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ चालू असेल तर तेही मॅग्नेशियम खाली आणतं. पोटरीत गोळे, हाताला मुंग्या, बोटांना थरथर, ही मॅग्नेशियम कमी झाल्याची लक्षणं. पोटॅशियम देऊनही वर येईना, तर आधी मॅग्नेशियम बघायचं. ही टेस्ट साधी, स्वस्त, बहुतेक लॅबमध्ये होते, आणि तिच्या आकड्यावर उपचार बदलतो. सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालून देतात. एनएजीवर जे पैसे गेले ते गेले, पण नळीचं दुखणं पकडायला तुमच्याकडे आत्ता याहून कामाची टेस्ट नाही.

तेव्हा सोमवारी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. मंगळवारी जाताना ६४ आणि ५८ हे दोन्ही वजनांचे आकडे, आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून आणलेल्या सुद्धा. एनएजीचा रिपोर्टही न्या, पण खाली ठेवा. डॉक्टरांना पहिल्यांदा वजन आणि डायक्लोफेनॅक सांगा.

मॅग्नेशियम किती आलं ते मला कळवा. १.६ च्या खाली असेल, तर मंगळवारच्या सलाईनमध्ये ते घालणार आहेत का, हे सिस्टरांना विचारायला विसरू नका.